आजाऱ्यांचा आकडा

युद्धातला डॉक्टर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस उभे राहतात. त्यात व्ही. शांताराम यांचा वाटा मोठा आहे. १९४६ साली 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट आला नसता, तर हे नाव सोलापूरबाहेर किती घरांत पोचले असते याची शंकाच आहे. १९३८ साली काँग्रेसने चीनला जे वैद्यकीय पथक पाठवले त्यात पाच डॉक्टर होते : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. पैकी चोळकर नागपूरचे. यवतमाळहून नागपूर असे कितीसे लांब? तरीही चोळकरांचे नाव ऐकलेला माणूस आज विदर्भात शोधावा लागेल. ज्याच्यावर चित्रपट निघतो, ज्याचा पुतळा उभा राहतो, तो लक्षात राहतो. बाकीचे यादीत जाऊन बसतात. आजचा विषय ऑस्ट्रेलियाचा असला, तरी तिथेही थोडेफार असेच घडलेले आहे.

कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी उत्तर चीनमध्ये वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. पुढच्याच महिन्यात जपान्यांनी जावा बेटावरून नऊशेच्या आसपास ऑस्ट्रेलियन युद्धकैदी बोटीत कोंबले आणि सिंगापूरमार्गे थायलंडच्या जंगलात नेले. या तुकडीचा प्रमुख लढाऊ अधिकारी नव्हता. तो ३५ वर्षांचा शल्यचिकित्सक होता. लेफ्टनंट कर्नल अर्नेस्ट एडवर्ड डनलॉप, उंची सहा फूट चार इंच. मित्र त्याला 'वेअरी' म्हणत. आडनाव डनलॉप म्हणून टायर, टायरवरून 'टायर्ड', आणि टायर्ड म्हणजे थकलेला, 'वेअरी'. कॉलेजातल्या पोरांचा हा विनोद त्याला जन्मभर चिकटला. दहा-अकरा वर्षांपूर्वी हाच माणूस ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघातून न्यूझीलंडविरुद्ध रग्बी खेळला होता.

रग्बी आपल्याकडे पोचली ती मुंबईच्या जिमखान्यापर्यंत आणि कोलकात्याच्या क्लबांपर्यंत. इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यात दरवर्षी जो 'कलकत्ता कप' दिला जातो तो १८७८ साली कोलकात्याच्या क्लबाने चांदीचे रुपये वितळवून घडवलेला आहे, एवढे आपले आणि त्या खेळाचे नाते. वऱ्हाडात ती आलीच नाही. इथे मुलांचे अंग घडले ते आखाड्यात. १९१४ साली अमरावतीत सुरू झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतूतू करून दाखवला होता. त्यामुळे डनलॉप मैदानात नेमके काय करायचा हे थोडे समजावून घेतलेले बरे.

पंधरा खेळाडूंच्या रग्बीत खेळ थांबून पुन्हा सुरू होतो तेव्हा दोन्ही बाजूंचे आठ-आठ गडी वाकून, खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात. याला 'स्क्रम' म्हणतात. पहिल्या रांगेत तिघे. त्यांच्या कमरांच्या फटींत डोके घालून मागून रेटणारे दुसऱ्या रांगेतले दोघे, ते 'लॉक'. सर्वांत मागे 'नंबर आठ'. लॉकचे तोंड जमिनीकडे असते, कान दोन्ही बाजूंनी चेचले जातात, आणि तो काय करतो आहे हे प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. पण मागच्या बाजूचा सगळा जोर त्याच्यातूनच पुढे जातो. डनलॉप १९३१ साली मेलबर्न विद्यापीठात चौथ्या दर्जाच्या संघातून रग्बी खेळू लागला आणि वर्षभरात राष्ट्रीय संघात पोचला. १९३२ साली नंबर आठ म्हणून, १९३४ साली लॉक म्हणून. १९३४ च्या सिडनीतल्या त्या सामन्यात ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडला २५-११ असे हरवले आणि त्या वर्षी ब्लेडिस्लो कप पहिल्यांदा जिंकला. शिवाय गडी विद्यापीठात मुष्टियुद्धही खेळायचा. म्हणजे अंगात रग होतीच.

रग्बी आणि डॉक्टरकी यांची सोयरीक जुनी आहे. लंडनच्या रुग्णालयांचे स्वतःचे रग्बी संघ होते आणि त्यांच्यातली चषकस्पर्धा १८७५ पासूनची आहे. या परंपरेतले कितीतरी खेळाडू पुढे युद्धावर गेले. आयर्लंडचा थॉमस क्रीन दक्षिण आफ्रिकेत रग्बी खेळायला गेला, मग बोअर युद्धात तिथेच सैन्यात डॉक्टर झाला. डिसेंबर १९०१ मध्ये गोळीबारात जखमींवर उपचार करताना स्वतः जखमी झाला आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून परतला. त्याच युद्धाच्या सुरुवातीला गांधीजींनी नाताळमधल्या भारतीयांचे रुग्णवाहक पथक उभे केले होते. स्कॉटलंडचा डेव्हिड बेडेल-सिव्हराइट हा त्या काळातला सर्वांत दांडगा गडी मानला जाई. १९०४ च्या ब्रिटिश संघाचा तो कर्णधार. १९१५ साली गॅलिपोलीत आरमारी डॉक्टर असताना किडा चावल्याचे निमित्त झाले, रक्तात विष भिनले आणि तो गेला.

डनलॉप मात्र या शहरी रुग्णालयी जगातून आलेला नव्हता. १२ जुलै १९०७ रोजी व्हिक्टोरिया प्रांतातल्या वँगरॅटा इथे शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. शिक्षण बेनाला या लहानशा गावी. शाळा संपल्यावर तो तिथल्याच औषधांच्या दुकानात उमेदवारी करू लागला, मग मेलबर्नला जाऊन औषधनिर्माणशास्त्र शिकला, त्यात सुवर्णपदक मिळवले आणि शिष्यवृत्तीवर वैद्यकीय शिक्षणाकडे वळला. १९३४ साली तो प्रथम श्रेणीत डॉक्टर झाला. १९३८ साली जहाजावरचा डॉक्टर म्हणून लंडनला गेला आणि तिथे शल्यचिकित्सेची एफआरसीएस ही पदवी मिळवली. चरित्रकार त्याच्या रग्बीवर रेंगाळतात, ते स्वाभाविक आहे. पण पुढे काय घडले ते पाहता, बेनालाच्या दुकानात मात्रा मोजण्यात आणि काढे गाळण्यात गेलेली वर्षे त्याच्या अधिक कामी आली असावीत.

युद्ध सुरू झाले तेव्हा तो लंडनमध्येच ऑस्ट्रेलियन सैन्याच्या वैद्यकीय दलात रुजू झाला. जेरुसलेम, ग्रीस, क्रीट, टोब्रुक अशी त्याची भ्रमंती झाली. जपान युद्धात उतरल्यावर त्याचे पथक पूर्वेकडे वळवले गेले आणि १९४२ च्या फेब्रुवारीत जावा बेटावर उतरले. बांडुंगला त्याने दोस्तांचे रुग्णालय सुरू केले. ते जेमतेम चालू होते तोच मार्चमध्ये बेट पडले. निसटायची संधी होती, पण रुग्णांना सोडून तो गेला नाही.

त्या रुग्णालयात बिल ग्रिफिथ्स नावाचा ब्रिटिश हवाई दलातला तरुण सैनिक होता. जपान्यांनी त्याला पेरलेली स्फोटके काढायला लावले होते. स्फोटात त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे गेले, पाय मोडला. रुग्णालय रिकामे करण्याचा हुकूम घेऊन जपानी अधिकारी आला तेव्हा या माणसाचा काय उपयोग, असा प्रश्न निघाला आणि संगिनी त्याच्या रोखाने वळल्या. डनलॉप मधे जाऊन उभा राहिला. अधिकाऱ्याकडे बघत राहिला. संगिनी खाली झाल्या. ग्रिफिथ्स युद्धानंतर इंग्लंडला परतला, कित्येक दशके जगला आणि अंधत्व आलेल्या सैनिकांसाठी काम करत राहिला. डनलॉपची दंतकथा इथून सुरू होते. पुतळ्याला शोभेल असाच हा प्रसंग आहे. पण पुतळ्यात न मावणारे काम पुढचेच आहे.

त्यासाठी आधी रेल्वे. जपानी सैन्य ब्रह्मदेशात उतरले होते आणि त्याला रसद समुद्रमार्गे पोचवणे धोक्याचे झाले होते. म्हणून थायलंडमधल्या बान पोंगपासून ब्रह्मदेशातल्या थानब्युझायातपर्यंत डोंगर आणि जंगल चिरून ४१५ किलोमीटरचा मीटरगेज मार्ग टाकायचे ठरले. यवतमाळकरांना आपल्या शकुंतला रेल्वेवरून अंदाज येईल : यवतमाळ-मूर्तिजापूर हे अंतर ११३ किलोमीटर. त्याच्या साडेतीन पटींहून लांब मार्ग, तोही सपाट कापूसपट्ट्यातून नव्हे, आणि १९४२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर सुरू केलेले काम १७ ऑक्टोबर १९४३ रोजी दोन्ही टोके जोडून पुरे. यंत्रे नावाला. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घणाने ठोकायची, भोकात सुरुंग भरायचा, फुटलेला दगड टोपल्यांनी वाहायचा. साठ हजारांवर युद्धकैदी या कामावर होते. त्यांतले बारा हजारांहून अधिक तिथेच मेले. म्हणजे पाचांतला एक. युद्धकैद्यांसंबंधीच्या १९२९ च्या जिनिव्हा करारावर जपानने सही केली होती, पण तो मंजूर केलेला नव्हता.

डनलॉपची माणसे कोन्यू आणि हिंटोक या छावण्यांत आली. कोन्यूजवळची खोल खिंड रात्री बांबूच्या जाळावर खोदली जायची. तो उजेड आणि त्यात हलणाऱ्या हाडकुळ्या सावल्या पाहून कैद्यांनी तिला 'हेलफायर पास' म्हटले. नरकाची वाट.

छावणीत डॉक्टरने करायचे काय? औषधे जवळपास नव्हती. क्विनीन मिळाले तर मिळाले. आमांशावरचे एमेटीन मोजके. भूल देण्याची औषधे थेंबाथेंबाने पुरवायची. माणसे भातावर होती, आणि तो भात सडून पांढरा केलेला, बहुतेक वेळा बुरशी आलेला. पांढऱ्या भातावरच्या माणसाला ब जीवनसत्त्व मिळत नाही, मग बेरीबेरी होते; पाय सुजतात, शेवटी हृदय थकते. मलेरिया घरोघरीचाच. पायाला बांबूचा नुसता ओरखडा उठला तरी जखम चिघळायची. नडगीवर सुरू झालेला व्रण आठवडाभरात हाडापर्यंत जायचा. असा व्रण साफ करायला चमच्याची कड घासून धारदार केलेली असायची आणि त्या चमच्याने सडलेले मांस भुलीशिवाय खरवडायचे. चार जण रुग्णाला धरून ठेवत. याने भागले नाही तर पाय कापायचा.

पण हे सगळे दुपारनंतरचे. डनलॉपचा दिवस सुरू व्हायचा तो पहाटे अंधारात, आकड्यावरून होणाऱ्या भांडणाने.

रेल्वेच्या जपानी अभियंत्याला दररोज ठरावीक माणसे कामावर लागत. आजारी किती याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते; त्याला आकडा हवा असे. पावसात, ताडपत्रांच्या झोपडीपुढे, आजाऱ्यांची रांग उभी राहायची. उभी म्हणजे, ज्यांना उभे राहता येत असे त्यांची. डनलॉप एकेकाचे नाव सांगून याला ताप, याला रक्ती आव, याचा पाय पाहा, असे म्हणत जायचा. समोरचा काठी आपटत माणसे वेगळी काढायचा. चालता न येणाऱ्याला डनलॉप कधी स्वतः दोन्ही हातांवर उचलून घेऊन अभियंत्यापुढे न्यायचा, असे सोबतचे लोक सांगत. त्याच्या उंचीचा इथे उपयोग व्हायचा आणि तोटाही. गार्डाला मारायचे तर वर हात करावा लागे आणि त्याचा राग आणखी चढे. डनलॉपने मार पुष्कळ खाल्ला.

या घासाघिशीत तो रोज जिंकायचा असे समजू नये. आकडा शेवटी बहुतेक वेळा अभियंत्याचाच राहायचा. मग डॉक्टरपुढे आणखी वाईट प्रश्न असे : पाठवायचेच आहेत तर कोणाला? आमांशाच्या माणसाला की तापाच्या? काल गेला होता त्याला आज ठेवून, काल ठेवलेल्याला आज पाठवायचे का? एका आजाऱ्याला वाचवायचे म्हणजे दुसऱ्याचे नाव द्यायचे. वैद्यकीय महाविद्यालयात हे शिकवत नाहीत. वसंतराव नाईकांच्या नावाचे आपले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून इथे आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी डनलॉप वाचावा तो कापाकापीसाठी नव्हे, या पहाटेसाठी. त्याने चोरून रोजनिशी ठेवली होती. सापडली असती तर जीव गेला असता. तिची पाने मुख्यतः अशाच हिशेबांनी भरलेली आहेत : कोण आजारी, किती कामावर, पैसे किती, अंडी किती. ती छापायला त्याने चाळीस वर्षे घेतली. १९८६ साली ती पुस्तकरूपाने आली.

अंड्यांचा हिशेब कशाला? जपान्यांकडून अधिकाऱ्यांना काही पगार मिळे. कामावर जाणाऱ्या शिपायांना त्याहून फार कमी. आजाऱ्याला काहीच नाही. काम नाही तर पैसा नाही, आणि अन्नही कमी. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त पोसायला हवे तोच उपाशी. डनलॉपने अधिकाऱ्यांच्या पगारातून सक्तीने वर्गणी घ्यायला सुरुवात केली. शिपायांकडूनही थोडी. अधिकाऱ्यांत कुरकुर झाली. पैसा आपला, तो का द्यावा? डनलॉप हटला नाही. त्या पैशांतून बदकाची अंडी, गूळ आणि मूग घेतले जायचे. होय, आपलेच मूग. जावातल्या डचांकडून शिकलेल्या नावाने कैदी त्यांना 'कटजांग इजो' म्हणत, आणि बेरीबेरीवर डॉक्टरांच्या हातात ते मोठे औषध होते. वऱ्हाडातली कोणतीही आजी आजाऱ्याला मुगाचे कढण देते. तिथे तेच कढण मिळावे म्हणून एका शल्यचिकित्सकाला आपल्याच बरोबरीच्या अधिकाऱ्यांशी वैर घ्यावे लागले.

औषधे मिळण्याची एक वाट थाई माणसांतून जात होती. कांचनबुरीचा व्यापारी बूनपोंग सिरिवेज्जाभांडू नदीतून नावांनी छावण्यांना भाजीपाला पुरवायचा. त्या मालात तो औषधे आणि पैसे दडवून आणायचा. पकडला गेला असता तर त्याचे घरदार गेले असते. लष्करी गणवेश नाही, शपथ नाही. धंद्यातला माणूस.

मे-जून १९४३ मध्ये पावसाबरोबर कॉलरा उतरला. वरच्या अंगाला तमिळ मजुरांच्या छावण्या होत्या, ओढे एकच. कॉलऱ्यात माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि मीठ वाहून गेल्यामुळे. काही तासांत चेहरा ओळखू येईनासा होतो, बोटे सुरकुततात. उपाय माहीत होता : शिरेतून मिठाचे पाणी. पण ते आणायचे कुठून? डब्यांचे आणि हाताला लागतील त्या नळ्यांचे उभारलेले यंत्र, त्यात पाणी उकळून वाफेचे पाणी धरायचे, मीठ मोजून घालायचे, आणि स्टेथोस्कोपची रबरी नळी व बांबूची बारीक तासलेली सुई यांतून ते शिरेत सोडायचे. इथे औषधांच्या दुकानातला उमेदवार कामाला आला असणार. या सलाइनमुळे काही जण वाचले.

त्याहून जास्त वाचले ते ज्यांना कॉलरा झालाच नाही त्यांतले. कारण साधे होते. पाणी उकळल्याशिवाय प्यायचे नाही. जेवणाआधी प्रत्येकाने आपला डबा उकळत्या पाण्यात बुडवायचा आणि मगच रांगेत यायचे. शौचाचे खड्डे खोल, लांब, झाकलेले. बारा-चौदा तास दगड फोडून आलेल्या, जुलाबाने खंगलेल्या माणसांकडून हे रोज करून घ्यायचे म्हणजे त्यांच्या शिव्या खायच्या. खड्डे खणायला माणसे मागायची म्हणजे पुन्हा पहाटेच्या आकड्यावरून वाद. डनलॉपची थोरवी शोधायची तर ती चमच्यात आणि सुरीत थोडी आहे आणि या खड्ड्यांत, उकळत्या पाण्याच्या पिंपांत, वर्गणीच्या वहीत पुष्कळ आहे. कॉलऱ्याच्या साथी पाहिलेल्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. साथ आली की जिल्ह्याच्या रुग्णालयातले शल्यचिकित्सक टेबलापाशी असतात आणि गावोगाव विहिरीत पावडर टाकणारा मनुष्य साथ थांबवतो. त्याचा फोटो कोणी छापत नाही.

याचा पुरावा शेजारच्याच छावण्यांत होता. रेल्वेवर युद्धकैद्यांपेक्षा कितीतरी अधिक आशियाई मजूर होते. मलायातल्या रबरमळ्यांवरचे तमिळ, शिवाय मलायी, जावाचे, ब्रह्मदेशाचे. बरी मजुरी मिळेल अशी आमिषे दाखवून आणि पुढे नुसते पकडून आणलेले. काही जण बायकामुलांसह आले होते. एकूण दोन लाखांच्या घरात. त्यांतले किती मेले याची मोजदाद कोणी केली नाही. अंदाज ७५ हजारांपासून एक लाखापर्यंत जातात. म्हणजे त्यांच्यात पाचांतला एक नव्हे, जवळपास तीनांतला किंवा दोघांतला एक मेला. तोच भात, तोच पाऊस, तेच गार्ड. फरक काय? कैद्यांकडे पलटण होती, शिस्त होती, हिशेब ठेवणारा होता, भांडणारा डॉक्टर होता. मजुरांकडे यांपैकी काहीच नव्हते. कोणी आजारी पडला की बाकीचे भिऊन दूर होत, कोणी पळून जंगलात शिरत. त्यांच्यासाठी पहाटे आकड्यावरून वाद घालणारा कोणीच नव्हता. कांचनबुरीच्या युद्धस्मशानात सुमारे सात हजार कबरींवर नावे कोरलेले दगड ओळीने बसवले आहेत. रेल्वेवर मेलेल्या तमिळ मजुरांपैकी बहुतेकांच्या वाट्याला नुसता सामायिक खड्डा आला. भारतीय माणसाने ही कथा वाचताना एवढे तरी ध्यानात ठेवायला हवे की या रेल्वेवर सर्वांत मोठ्या संख्येने मेले त्यांत आपल्याच उपखंडातून मळ्यांवर गेलेल्यांची लेकरे होती. आपल्या युद्धवाङ्मयात ती जवळपास नाहीतच.

आणि आता या कथेतल्या चोळकरांकडे, यादीत जाऊन बसलेल्यांकडे. जपान्यांच्या हाती सापडलेल्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांची संख्या १०६ होती. डनलॉप त्यांतला एक. ब्रह्मदेशच्या टोकाला अल्बर्ट कोट्स होते. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीत रुग्णसेवक म्हणून राबलेले, नंतर डॉक्टर झालेले. एका छावणीत त्यांनी शंभराहून अधिक पाय कापले, भूल म्हणून व्हॅन बॉक्स्टेल या डच रसायनतज्ज्ञाने जंगलात तयार केलेले औषध वापरून. कोट्स कधीही आंतरराष्ट्रीय खेळाडू नव्हते. रोली रिचर्ड्स, केव्हिन फॅगन, ब्रूस हंट यांची नावे सैनिकांच्या तोंडी असत, पण बाहेर फारशी गेली नाहीत. डनलॉपकडे उंच बांधा होता, रग्बीचा टिळा होता, विनोदी टोपणनाव होते आणि उशिरा का होईना छापलेली रोजनिशी होती. दंतकथेला लागणारे सगळे साहित्य. आपल्या एकट्याचा एवढा गौरव झालेला त्यालाही रुचत नसे.

मग रग्बीचा त्यात काही वाटा होता की नाही? क्रीडाप्रेमींना वाटते, मैदानात जे शिकला तेच त्याने जंगलात वापरले. इतके सरळ गणित मांडण्यात अर्थ नाही. कोट्स रग्बी न खेळताच तेवढेच करून गेले. शरीराची राखीव शक्ती मात्र खरी. आमांश, मलेरिया, बेरीबेरी, पायावरचे व्रण हे सगळे डनलॉपलाही झाले आणि तरीही तो उभा राहिला. आणि एक गोष्ट नाकारता येत नाही : ऑस्ट्रेलियन पोरांनी त्याला वर्तमानपत्रात खेळाडू म्हणून पाहिले होते. वर्गणी दे, खड्डा खण, पाणी उकळ, असे सांगणारा माणूस आपल्या देशासाठी मैदानात उतरलेला आहे, याचे वजन नसते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

युद्धानंतर तो मेलबर्नला परतला, नोव्हेंबर १९४५ मध्ये वाट पाहत थांबलेल्या हेलन फर्ग्युसनशी लग्न केले आणि शल्यचिकित्सेत रमला. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रिया हा त्याचा खास प्रांत. पण पूर्वेशी असलेले नाते तुटले नाही. १९५६ साली कोलंबो योजनेखाली तो थायलंड आणि सिलोनला गेला, पुढे १९६० ते १९६४ या काळात भारताचा सल्लागार होता. १९६९ साली व्हिएतनाममध्ये ऑस्ट्रेलियन शल्यपथकाचे नेतृत्व केले. त्याच वर्षी त्याला 'सर' ही पदवी मिळाली. २ जुलै १९९३ रोजी तो वारला तेव्हा मेलबर्नमध्ये सरकारी इतमामात अंत्ययात्रा निघाली आणि रस्त्याच्या दुतर्फा दहा हजारांवर लोक उभे होते.

जपान्यांविषयी तो काय म्हणायचा, हे त्याला आयुष्यभर विचारले गेले. उत्तर द्यायचा त्याचा मार्ग वागण्याचा होता. हिंटोकला त्याच्या माणसांना छळणाऱ्या गार्डांत बरेच कोरियन होते. जपानने आपल्या वसाहतीतून आणलेली सतरा-अठरा वर्षांची पोरे. जपानी त्यांना मारायचे, ती कैद्यांना मारायची. त्यांतल्या एकाला, कैदी 'लिझर्ड' म्हणत त्या ली हाक-रे याला, युद्धानंतर फाशीची शिक्षा झाली, मग ती कमी होऊन तुरुंगवास झाला. १९९१ साली तो कॅनबेरात एका परिसंवादाला आला, डनलॉपला भेटला, माफी मागितली आणि त्याला खिशात ठेवायचे एक घड्याळ दिले. डनलॉपने ते घेतले. ली पुढे जपान सरकारशीच भांडत राहिला : शिक्षा जपानी म्हणून भोगली, पण युद्धानंतर जपानी नागरिकत्व काढून घेतल्यामुळे पेन्शन मात्र नाही.

बूनपोंगच्या नावाचे काय झाले, हे सांगायचे राहिले. १९८६ पासून 'वेअरी डनलॉप - बूनपोंग' या जोडनावाने एक शिष्यवृत्ती चालते. थायलंडचे तरुण शल्यचिकित्सक तिच्यावर ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांत शिकायला जातात. त्यांतले अनेक परत येऊन आपल्याच प्रांतात शस्त्रक्रिया करतात.